कळमन्याच्या पोट्ट्यांना मंच कोण देणार?

गेल्या दोन-तीन वर्षांत आमच्या वस्तीत एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो. विचारणारे बहुतेक बाप असतात, कधी एखादी आई. "हे रॅप म्हणजे काय खूळ आहे? आणि यावर पोट्ट्याचं पोट भरेल का?" मी कळमना मार्केटात एका अडत्याकडे हिशेब लिहितो, संध्याकाळी मोहल्ल्यातल्या मुलांचा अभ्यास घेतो, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो. गाण्यातलं मला फार कळतं म्हणून येत नाही.

या प्रश्नाला आपल्याकडे दोन उत्तरं तयार असतात. एक, हे सगळं हराम आहे, मोबाइल काढून घ्या. दुसरं, एमसी स्टॅनला बघा, बस्तीतला पोरगा कुठल्या कुठे गेला. पहिलं उत्तर म्हातारे देतात, दुसरं पोट्टे देतात. दोन्ही उत्तरांत विचार करायची गरज राहत नाही, हा त्यांचा मोठा फायदा.

आधी स्टॅनचंच बघू, कारण कळमन्यात रॅप म्हटलं की त्याचंच नाव निघतं. अल्ताफ शेख, पुण्याच्या ताडीवाला रोडचा. लहानपणी कव्वाली गायचा, मग रॅपकडे वळला. 2020 मध्ये 'तडीपार' आणि 2022 मध्ये 'इन्सान' हे त्याचे अल्बम आले. 12 फेब्रुवारी 2023 ला तो 'बिग बॉस'चं सोळावं पर्व जिंकला; 31 लाख 80 हजार रुपये आणि एक गाडी मिळाली. त्या आठवड्यात मिरचीच्या शेडपासून संत्र्याच्या लिलावापर्यंत ज्याच्या-त्याच्या मोबाइलवर तोच होता. हमालीवर येणाऱ्या पोट्ट्यांनी गळ्यात खोट्या साखळ्या घातल्या. पोत्याखाली साखळी टोचते हे कळायला त्यांना दोन दिवस लागले.

महिनाभरात, मार्च 2023 मध्ये, इंदूरचा त्याचा कार्यक्रम काही संघटनांच्या कार्यकर्त्यांनी मंचावर चढून बंद पाडला. लगोलग नागपूरचा ठरलेला कार्यक्रमही झाला नाही. कारण सांगितलं गेलं ते शिव्यांचं, बायकांबद्दलच्या घाणेरड्या शब्दांचं. त्या वेळी आपल्या लोकांत दोन तट पडले. काहींना तो मुसलमान आहे म्हणूनच अडवला असं वाटलं. काही म्हणाले, बरंच झालं, असल्या पोरामुळे कौमची बदनामी होते.

माझं मत असं. बायकांना वस्तूसारखं वागवणारी ओळ वाईटच, लिहिणाऱ्याचं नाव अल्ताफ असो की अमित. हा आक्षेप सर्वांत आधी आपण घ्यायला हवा होता, कारण ती गाणी आपल्या घरात, आपल्या मुलींच्या कानावर पडत होती. आपण तो घेतला नाही. आपण साखळ्या मोजत बसलो. पण मंचावर चढून माइक हिसकावणं म्हणजे आक्षेप घेणं नव्हे. तसल्याच शिव्यांची गाणी लग्नाच्या वरातीत आणि मिरवणुकीतल्या डीजेवर सर्रास वाजतात, तिथे कुणी चढत नाही. कवितेला उत्तर कवितेनं, लेखानं, फार तर तिकीट न काढून द्यावं. हे दोन मुद्दे एकाच वेळी धरून ठेवणं अवघड जातं, म्हणून आपण एक सोडून देतो.

स्टॅनपेक्षा मला या पोट्ट्यांनी दुसऱ्या एका माणसाची कहाणी नीट वाचावी असं वाटतं. नावेद शेख, मुंबईच्या कुर्ल्याचा, रॅपमधलं नाव नेझी. 2014 साली त्याने 'आफत' हे गाणं केलं. स्टुडिओ नव्हता. परदेशात नोकरी करणाऱ्या वडिलांनी दिलेल्या आयपॅडवर त्याने आवाज रेकॉर्ड केला, त्याच आयपॅडवर व्हिडिओ काढला, त्यावरच जोडला आणि इंटरनेटवर टाकला. कुर्ल्याच्या गल्ल्या, पाण्याचे ड्रम, पत्रे, मित्र. त्याच वर्षी दिशा रिंदाणी यांनी त्याच्यावर 'बॉम्बे 70' हा छोटा माहितीपट केला. सत्तर म्हणजे कुर्ल्याचा जुना पिन कोड. 2015 मध्ये डिव्हाइन, म्हणजे अंधेरीचा विवियन फर्नांडिस, याच्याबरोबर त्याने 'मेरे गली में' केलं आणि मोठ्या कंपनीने ते काढलं. मग झोया अख्तरचा 'गली बॉय' आला, 14 फेब्रुवारी 2019 ला. त्यातला मुराद या दोघांच्या आयुष्यांवरून सुचलेला. सिनेमाने त्या वर्षीच्या फिल्मफेअरचे तेरा पुरस्कार नेले, भारताकडून ऑस्करला गेला.

आता गंमत बघा. सिनेमा तयार होत होता, देशभर 'गली रॅप'चा बोलबाला व्हायचा होता, नेमक्या त्याच काळात ज्याच्या कहाणीवर तो बेतला होता तो नावेद गाण्यापासून बाजूला झालेला होता. घर, दीन आणि गाणं यांची ओढाताण त्याने स्वतः मुलाखतींत बोलून दाखवली आहे. पुढे तो परतला, गाणी केली, आणि 2024 मध्ये 'बिग बॉस ओटीटी'त दुसरा आला. म्हणजे दहा वर्षांत एक कवी आयपॅडवरून रिअॅलिटी शोपर्यंत पोचला. मला ही यशोगाथा वाटत नाही आणि शोकांतिकाही वाटत नाही. यात दिसतं ते एवढंच की शब्दांवर जगू पाहणाऱ्या मुलासाठी मधल्या पायऱ्याच नाहीत. खाली गल्ली आहे, वर टीव्ही आहे. मधे वाचनालय नाही, छोटं नाट्यगृह नाही, मानधन देणारा मंच नाही, चुकलं तर सांगणारा उस्ताद नाही. म्हणून जो तो उडी मारतो, आणि उडी मारायची तर शिवी, साखळी आणि भांडण हे सोपे स्प्रिंगबोर्ड.

मुशायऱ्यात या पायऱ्या होत्या. आमच्याकडून कामठी काही लांब नाही. तिथली आणि मोमिनपुऱ्याची उर्दू शायरीची परंपरा विणकरांच्या घरांतून आली, दिवसा माग आणि रात्री शेर. नवख्याला आधी घरच्या बैठकीत वाचावं लागे, उस्ताद मिसरा दुरुस्त करून देई, मग कुठे गावच्या मुशायऱ्यात सुरुवातीलाच नाव पुकारलं जाई. सुरुवातीला वाचणं म्हणजे नवखेपणाची खूण, आणि ती पत्करूनच पुढे जावं लागे. रॅपवाल्या पोट्ट्याला इस्लाह देणारा कोणी नाही. त्याला फक्त लाइक आणि शिवी मिळते, दोन्ही इंटरनेटवरून, दोन्ही अनोळखी माणसांकडून.

दिनाचा प्रश्न टाळून हा लेख पुढे नेता येणार नाही, कारण बापाच्या मनात खरी अडचण तीच असते. मी आलिम नाही, फतवा देणं माझं काम नाही. पण काही गोष्टी कुणालाही वाचता येतात. कुरआनात एका सूरेचं नावच 'अश-शुअरा', म्हणजे कवी. तिच्या शेवटी भरकटणाऱ्या, बोलतात ते न करणाऱ्या कवींवर कठोर टीका आहे. पण लगेच पुढे अपवादही आहे, ईमान राखणाऱ्यांचा, भलं करणाऱ्यांचा, आणि जुलूम झाल्यावर स्वतःचा बचाव करणाऱ्यांचा. हा शेवटचा अपवाद मला फार महत्त्वाचा वाटतो. हजरत हस्सान बिन साबित हे पैगंबरांचे कवी. त्यांच्यासाठी मस्जिद-ए-नबवीत मिंबर ठेवला जात असे, अशी हदीस आहे. वाद्यांबद्दल उलेमांत मतभेद आहेत आणि ते जुने आहेत. इमाम गझालींनी 'इह्या'मध्ये समाअवर स्वतंत्र भाग लिहिला, आणि काय ऐकलं जातं, कोणत्या मनाने ऐकलं जातं, यावर पुष्कळ काही ठेवलं. ज्याला वाद्य चालत नाही त्याने टाळीवर म्हणावं, नुसत्या आवाजावर म्हणावं. शब्द तर मिंबरावर चढलेले आहेत. तेव्हा 'कविता करणं हेच इस्लामबाह्य' असं जो सांगतो त्याला नम्रपणे इतिहास दाखवावा. आणि 'मी काहीही लिहीन, तो माझा हक्क' म्हणणाऱ्या पोट्ट्याला त्याच सूरेतला आधीचा भाग दाखवावा.

रॅपच्या जन्माशी मुसलमान नावं जोडलेली आहेत, हे आपल्या मुलांना माहीत नसतं. 19 मे 1968 ला, माल्कम एक्सच्या जन्मदिवशी, न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या एका बागेत काही काळे तरुण कवी ढोलाच्या साथीने कविता म्हणायला उभे राहिले. 'द लास्ट पोएट्स' हे त्यांचं नाव पुढे गाजलं. 1970 च्या पहिल्या अल्बममध्ये उमर बिन हसन आणि जलालुद्दीन मन्सूर नुरिद्दीन आहेत. जलालुद्दीनचं नाव तेव्हा वेगळं छापलं होतं. याच जलालुद्दीनने 1973 मध्ये 'हसलर्स कन्व्हेन्शन' काढला, तुरुंगात आणि नाक्यावर म्हटल्या जाणाऱ्या लांब पद्यकथांच्या ढंगात. ब्रॉन्क्समध्ये डीजे कूल हर्कची ती प्रसिद्ध पार्टी, जिथून हिपहॉपचा जन्म मोजतात, तीही 1973 चीच, 11 ऑगस्टची. पुढच्या पिढीतल्या रॅपरांनी जलालुद्दीनच्या ओळी पाठ केल्या, त्याला रॅपचा आजोबा म्हटलं. 2018 मध्ये तो वारला. ज्यांनी त्याच्याकडून घेतलं त्यांनी महाल बांधले. आजोबाच्या वाट्याला त्यातलं फारसं आलं नाही.

आपल्या महाराष्ट्रात हे वारं रॅपच्या आधी कवितेतून आलं होतं. ब्लॅक पँथरवरून दलित पँथरचं नाव 1972 मध्ये घेतलं गेलं, त्याच साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला. आणि त्याही आधी आपल्याकडे एक माणूस हजारोंच्या सभेत, माइक बंद पडला तरी पोचेल अशा आवाजात, कामगारांची गाणी म्हणत होता. बार्शीचा मेहबूब हुसेन पटेल, म्हणजे शाहीर अमर शेख. जन्म 1916 चा. आईच्या ओव्या ऐकत वाढला, गिरणीत आणि मोटारीवर कामं केली, संपात तुरुंगात गेला. अण्णाभाऊ साठे, गवाणकर आणि तो यांचं लाल बावटा कलापथक 1944 चं. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत या आवाजाने गावंच्या गावं जागी केली. 1969 मध्ये अपघातात गेला. त्याची मुलगी कवयित्री मलिका अमर शेख, ढसाळांची पत्नी.

महाराष्ट्राच्या निर्मितीत वाटा असलेला हा शाहीर आमच्या अभ्यासवर्गातल्या एकाही पोट्ट्याला ठाऊक नव्हता. टुपाकचं नाव सगळ्यांना ठाऊक होतं. दोष पोट्ट्यांचा नाही. मराठी पुस्तकांत अमर शेख येतो तो एक-दोन ओळींत, आणि आपल्या उर्दू शाळांत तोही येत नाही. शेख महंमद श्रीगोंदेकरांचा 'योगसंग्राम', पेशवाईतला शाहीर सगनभाऊ, 1990 ला सोलापुरात झालेलं पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन, त्याच वर्षी पुण्याच्या अखिल भारतीय संमेलनाचे अध्यक्ष झालेले यू. म. पठाण: हा सगळा वारसा कुलुपात आहे. मराठी मुसलमानाने मराठीत लिहिणं ही नवलाई नाही, हे सिद्ध करायला दर पिढीला नव्याने सुरुवात करावी लागते.

म्हणून मला भाषेचा मुद्दा पैशाच्या मुद्द्याइतकाच मोठा वाटतो. कळमन्याचा पोट्टा बाजारात तीन भाषा बोलतो. घरी दखनीच्या जवळची किंवा पूर्वेकडची हिंदी, गाडीवाल्याशी नागपुरी हिंदी, शेतकऱ्याशी वऱ्हाडी-झाडीकडची मराठी. मौदा, कुही, भिवापूरकडून मिरची घेऊन आलेल्या म्हाताऱ्याशी तो "काहून जी, माल ओला दिसून ऱ्हायला" असं बोलतो ते ऐकावं. पण रॅप लिहायला बसला की मुंबईची टपोरी हिंदी लिहितो, जी तो कधी बोलत नाही. 'बंटाय' हा शब्द कळमन्यात कोणी जन्मात वापरला नसेल. स्टॅन पुण्याच्या बोलीत बोलला म्हणून लोकांना भावला, एवढी साधी गोष्ट त्याची नक्कल करणारे विसरतात.

विदर्भातच याचं उत्तर सापडतं. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर, रॅपमधलं नाव '100आरबीएच', आपल्या वऱ्हाडी वळणासह 2023 च्या 'हसल'च्या मंचावर गेला आणि जातीबद्दल बोलला. मुंबईच्या 'स्वदेसी' या गटात एकजण मराठीत म्हणायचा, दुसरा गुजरातीत. तो गुजरातीवाला धर्मेश परमार 2022 मध्ये चोविसाव्या वर्षी गेला. त्याच गटाचं वारल्यांच्या जमिनीवरचं गाणं आरे वाचवण्याच्या लढ्यात लोकांच्या तोंडी होतं. आपली बोली ही अडचण नव्हे, भांडवल आहे. आणि ताल शोधायला यूट्यूबवर जायची गरज नाही. संत्र्याच्या लिलावात बोली चढते तेव्हा आकडे ज्या वेगाने, ज्या ठेक्याने पडतात तो कोणत्याही बीटपेक्षा घट्ट असतो. श्वास कुठे घ्यायचा हे लिलाववाल्याला कोणी शिकवलेलं नसतं. श्वास चुकला तर शेतकऱ्याचे पैसे बुडतात, म्हणून तो चुकत नाही.

आमच्याकडचा एक पोट्टा हे उचलत होता. एकोणीस वर्षांचा, बाप हातगाडीवाला, स्वतः बारावीनंतर शेडमध्ये कट्टे उचलतो. त्याने काट्यावर एक कविता लिहिली: दिवसभर दुसऱ्याचं वजन करणारा काटा स्वतःचं वजन कधी पाहत नाही, अशा काहीशा कल्पनेवर. अर्धी मराठी, अर्धी आमची हिंदी. मोबाइलवर रेकॉर्ड केली, दोन-तीनशे लोकांनी ऐकली. एका कॉलेजच्या गॅदरिंगला त्याला बोलावलं, मग आयत्या वेळी सांगितलं, "कुछ मोटिव्हेशनल सुना दे, ये हमाली-वमाली रहने दे." तो न वाचता परत आला. तरी लिहीत होता.

मग 17 मार्च 2025 ला महालात जे झालं ते झालं. शहराच्या अनेक भागांत संचारबंदी लागली, आमच्या शेजारच्या यशोधरानगरातही. सोशल मीडियावरच्या पोस्टवरून गुन्हे दाखल होत असल्याच्या बातम्या आल्या. त्याच्या बापाने रात्री मुलाला समोर बसवून सगळे व्हिडिओ पुसायला लावले. काट्यावरची कविताही गेली. त्या कवितेत ना धर्म होता ना राजकारण. बाप मला म्हणाला, "भाई, उसमें कुछ गलत नहीं था, मालूम है. लेकिन समझाने कौन जाएगा ठाणे में?"

या बापाला भित्रा म्हणणं मला जमत नाही. एप्रिल 2023 मध्ये राजकीय पक्षफुटीवर रॅप केलं म्हणून छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगसेवर गुन्हा दाखल झाला, मुंबईच्या उमेश खाडेवरही झाला. दोघं मराठीत बोलणारे, दोघांची नावं मुंगसे आणि खाडे. त्यांच्यामागे वकील, विरोधी पक्षाचे नेते, पत्रकार उभे राहिले, आणि ते योग्यच झालं. शेख किंवा अन्सारी आडनावाच्या हमालाच्या पोरामागे त्या वेगाने कोण उभं राहील, हा हिशेब बाप मनात करतो. संविधानाचं कलम 19 सगळ्यांना सारखं आहे, पण ते वापरायला लागणारा वकील, जामीनदार आणि सुट्टीचा रोज सगळ्यांकडे सारखा नसतो. आपली चळवळ जेव्हा अभिव्यक्तीवर परिसंवाद घेते तेव्हा तिने हा रोज मोजावा. ठाण्यातून बोलावणं आलं तर सोबत जाणारा एक वकील आणि दोन वयस्क माणसं, एवढी यादी प्रत्येक मोहल्ल्यात तयार असली तरी किती व्हिडिओ वाचतील!

मुलींचं आणखी वेगळं. गोवंडीची सानिया एमक्यू शाळकरी वयात हिजाब घालून रॅप करायला लागली, वस्तीबद्दल, मुलींबद्दल बोलली, 2022 च्या सुमारास वर्तमानपत्रांनी तिची दखल घेतली. आमच्या वर्गात तीन मुली लिहितात. त्यातल्या एकीची यमकं सगळ्या पोट्ट्यांपेक्षा साफ आहेत. पण त्या वहीत लिहितात, मोबाइलवर कधीच नाही. व्हिडिओ फिरला तर लग्नाचं काय, हा प्रश्न त्यांच्या अम्मींनी विचारायच्या आधी त्या स्वतःच विचारतात. आवाज ठेवा आणि चेहरा नको, असं मी सुचवलं. तिचं उत्तर, "सर, मोहल्ल्यात आवाज बी ओळखतात." खरं आहे. यावर माझ्याकडे उपाय नाही, एक सोडून: पहिला मंच घरातल्या बायकांसमोरचा असावा. बारशाला, मेंदीला बायका एकत्र बसतात, ढोलकीवर गातात, एकमेकींच्या सासवांवर जोडलेली यमकं तिथे कितीतरी वर्षं चालत आली आहेत. तिथून सुरुवात करायला कोणाची हरकत असेल असं वाटत नाही.

आता बापाच्या मूळ प्रश्नाकडे, पोट भरेल का? सरळ उत्तर: बहुतेकांचं नाही भरणार. हे पोट्ट्यांना तोंडावर सांगायला हवं. व्ह्यूवर घर चालत नाही. ज्यांचं चालतं त्यांचं कार्यक्रम, जाहिराती आणि सिनेमाच्या गाण्यांवर चालतं, आणि तिथे पोचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पण जे थोडं मिळू शकतं तेही आपली मुलं अज्ञानात सोडून देतात. 2012 मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेत होते आणि त्यासाठी झटले. तेव्हापासून गीत लिहिणाऱ्याचा मानधनातला निम्मा वाटा कायद्याने सांभाळला आहे. तो आपले वारस किंवा कॉपीराइट सोसायटी यांच्याखेरीज कोणाच्याही नावे करून देता येत नाही, करारावर सही केली तरी. गीतकारांचा हा वाटा गोळा करणारी संस्था म्हणजे इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, आयपीआरएस. गाणं प्रसिद्ध झालेल्या गीतकाराला तिचं सभासद होता येतं. कळमन्यात मी विचारलं तेव्हा एकाही मुलाने हे नाव ऐकलं नव्हतं. उलट एकाने आपल्या दोन गाण्यांचे शब्द चार हजारांत स्टुडिओवाल्याला 'विकले' होते, कागद न करता. बाजारात वाढलेला पोट्टा! इथे कट्ट्याला कट्टा मोजून पावती घेतो, आणि स्वतःचे शब्द तोंडी सौद्यात देऊन येतो.

दुसरी गोष्ट, ज्याचं पोट कवितेवर भरत नाही त्याची कविता वाया जाते असं नाही. अमर शेखांचं तरी कुठे भरलं? जो मुलगा आपला दिवस शब्दांत नीट मांडू शकतो तो मुकादमाशी नीट बोलतो, अर्ज नीट लिहितो, भांडण शब्दावर थांबवतो. हे मी वर्गात बघतो. आमच्या भागात अठरा-वीस वर्षांच्या मुलांसाठी गर्द, सट्टा आणि चाकू हे तीन उद्योग चोवीस तास उघडे असतात. त्यांच्या तुलनेत यमक जुळवत रात्र जागवणारा मुलगा बापाला नको वाटत असेल, तर बापाने एकदा ठाण्यासमोर उभं राहून तिथली गर्दी बघावी.

काय करायला हवं याचं मोठं निवेदन मला द्यायचं नाही. धारावीत हिपहॉपची मोफत शाळा चालते, त्यासाठी मोठी नावं आणि पैसा उभा राहिला. आपल्याला तेवढं नको. महिन्यातून एक संध्याकाळ, एक खोली, एक माइक. नियम तीन पुरे: आईसमोर म्हणता येणार नाही ते म्हणायचं नाही, दुसऱ्याच्या ओळी आपल्या म्हणून वाचायच्या नाहीत, आणि वाचल्यावर पळून जायचं नाही, बसून दुसऱ्याचं ऐकायचं. इस्लाह द्यायला कामठीचे एखादे बुजुर्ग शायर आणि बाबासाहेबांच्या जलशात गायलेला एखादा भीमशाहीर, दोघांना एकत्र बसवावं. उत्तर नागपुरात दोन्ही प्रकारची माणसं एकमेकांपासून दोन किलोमीटरवर राहतात आणि एकमेकांना ओळखत नाहीत. मराठीत वाचणाऱ्याला आधी संधी द्यावी, म्हणजे ती भाषा आपल्याही घरची आहे हे मुलांच्या जिभेला कळेल.

काट्यावरची कविता त्या पोट्ट्याला अजून पाठ आहे. व्हिडिओ पुसला तरी ती गेली नाही. त्याला मी विचारलं, खोली मिळाली तर वाचशील का? म्हणाला, अब्बू पहिल्या रांगेत बसणार असतील तर वाचतो. अब्बूंना विचारलं, ते म्हणाले, मस्जिद कमिटीचं कोणी येणार असेल तर मी येतो. आमच्या मदरशाच्या वरच्या मजल्यावरची खोली मगरिबनंतर रिकामी असते. तीस-चाळीस माणसं बसतील. पंखा चालतो. किल्ली कमिटीकडे आहे, आणि या महिन्याच्या बैठकीला हा विषय घ्यावा असं पत्र मी दिलं आहे.